ज्या फोटोंत घरचें कोणी नाहीं

गेल्या श्रावणांत आमच्या कोल्हापुरांतल्या जुन्या घराची वांटणी झाली. वाडा पाडून तेथें सदनिका व्हावयाच्या होत्या, आणि चार भावांचीं बिऱ्हाडें चार दिशांस जावयाचीं होतीं. ईश्वरकृपेनें तंटा कसलाही झाला नाहीं. देव्हाऱ्यांतले टाक थोरल्या घरीं गेले, तांब्याचा बंब धाकट्या घरीं गेला. पाट, पराती, समया यांची वांटणी सुनांनींच हंसतखेळत उरकली. शेवटीं माळ्यावरची एक काळी पत्र्याची ट्रंक खालीं आली. तींत फोटो होते.

ज्या फोटोंत ज्याचें माणूस, तो फोटो त्याचा, असा सोपा न्याय आम्हीं लावला. लग्नाचे, मुंजीचे, डोहाळजेवणाचे फोटो आल्बमांतून सोडवून ज्याचे त्यानें नेले. सुमारें चाळीस फोटो उरले. त्यांत घरचें कोणीच नव्हतें. कोठें कोळशानें भरलेल्या वाघिणींची रांग, कोठें खाणीच्या तोंडाशीं गेलेले रूळ, कोठें एक ठेंगणें काळें इंजिन आणि त्याला टेंकून उभे असलेले मुंडासेंवाले चार अनोळखी पुरुष. आमचे एक चुलत आजोबा कोठेंतरी खाणीवर हिशेबनीस होते, एवढें आम्हीं ऐकलें होतें. "यांत आपलें कोण आहे?" असें कोणीतरी विचारलें, कोणीच नाहीं असें ठरलें, आणि मग हे फोटो रद्दींत द्यावे ही सूचना दुसऱ्या कोणाची नसून आमचीच होती. हें येथें स्पष्ट लिहितों, कारण या लेखांतला पुढील सर्व उपदेश आम्हीं प्रथम स्वतःस करावयाचा आहे.

तीन फोटो तेवढे जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यांत अडकून राहिले. ते गणपतीच्या दिवसांत हातीं लागले, आणि गंमत म्हणून आम्हीं ते काकूंना दाखविले. काकूंनीं नव्वदी ओलांडलेली. कानांनीं कमी ऐकूं येतें, पण नजर चांगली. त्यांनीं पहिलाच फोटो हातीं घेतला आणि म्हणाल्या, "अरे, हा बल्लारपूरचा! हें इंजिन म्हणजे 'म्हातारी'. उभी असली तरी खोकायची, म्हणून मुलांनीं नांव ठेवलेलें. आणि हा डावीकडचा ड्रायव्हर. मानमोडीच्या सालीं तुझे चुलत आजोबा तापानें बेशुद्ध पडले, तेव्हां यानेंच रात्रीं त्यांना इंजिनावर घालून स्टेशनांत आणलें आणि नागपूरच्या गाडींत निजवलें. चुलत सासूबाई सांगायच्या, दिवाळीच्या फराळाचें पहिलें ताट त्याच्या घरीं जायचें." आम्हीं त्याचें नांव विचारलें. "ओठांवर आहे रे, आठवलें कीं सांगतें," असें म्हणून काकू हंसल्या. त्या दमल्या होत्या. उरलेले दोन फोटो पुढच्या खेपेस सावकाश पाहूं असें ठरलें.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची सांथ. त्या सांथींत ज्यानें आमच्या घराची एक शाखा वांचविली, तो मनुष्य "घरचा नव्हे" म्हणून आम्हीं रद्दींत घालावयास निघालों होतों. त्याचा हा फोटो वांचला तो पंचांगाच्या कृपेनें. आमच्या शहाणपणानें नव्हे.

ही गोष्ट एका घरापुरती असती तर वाचकांचा वेळ आम्हीं घेतला नसता. पण घरोघरच्या ट्रंकांत असे फोटो आहेत, आणि घरोघरीं त्यांना हाच न्याय लागतो. आजोबा खाणीवर होते, रेल्वेंत होते, कालव्यावर ओव्हरसियर होते. त्यांनीं हौसेनें आपल्या कामाचे फोटो काढविले. नातवंडांस ते नीरस वाटतात. वस्तुतः बाहेरच्या जगाच्या दृष्टीनें पाहिलें तर गोष्ट उलट आहे. मुंजीचा फोटो प्रत्येक घरीं असतो. बल्लारपूरच्या सायडिंगवरच्या इंजिनाचा फोटो कदाचित् तुमच्याच घरीं असेल, दुसरीकडे कोठेंही नसेल.

महाराष्ट्रांतला कोळसा मुख्यतः विदर्भांत, वर्धा नदीच्या खोऱ्यांत. आगगाडी १८५३ सालीं मुंबईस सुरू झाली खरी, पण प्रारंभीच्या काळांत तिच्यासाठीं विलायतेहून समुद्रमार्गे आलेला महागडा कोळसा जाळावा लागे. चांदा जिल्ह्यांत वरोरा येथें कोळसा निघाला, तेव्हां १८७० नंतरच्या दशकांत सरकारनें वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत मुख्यतः त्या कोळशासाठींच लोहमार्ग बांधला. त्याचें नांवच मुळीं 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' असें होतें. वरोऱ्याची ती खाण १९०६ सालीं बंद पडली. परंतु तत्पूर्वींच बल्लारपूरची खाण सुरू झाली होती. पुढें १९२९ सालीं बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा जोडला गेला, आणि कोळशासाठीं घातलेला तो आडवाटेचा फांटा दिल्ली–मद्रास हमरस्त्याचा भाग झाला. आज वरोरा म्हटलें कीं बाबा आमट्यांचें आनंदवन डोळ्यांपुढें येतें. खाण कोणास आठवत नाहीं. दक्षिणेकडे भरधाव जाणाऱ्या गाडींत बसलेल्या प्रवाशास आपण कोळशाच्या जुन्या वाटेवरून जात आहों हें ठाऊक नसतें.

खाणींच्या आंतल्या फांट्यांवर चालणारीं इंजिनें लहान असत, आणि तीं पुष्कळदां रेल्वेचीं नसून खाणवाल्या कंपन्यांचीं असत. १९७३ सालीं कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण पुरें झालें, आणि जुन्या कंपन्यांचा कारभार आटोपला. वाफेचें युगही त्याच सुमारास मावळूं लागलें होतें. चित्तरंजनच्या कारखान्यानें आपलें शेवटचें ब्रॉडगेज वाफेचें इंजिन १९७० सालीं बाहेर काढलें व त्याचें नांव 'अंतिम सितारा' असें ठेविलें. १९९५ च्या डिसेंबरांत ब्रॉडगेजवरची वाफेची नित्याची गाडी शेवटची धांवली. मोठ्या रेल्वेचीं कांहीं इंजिनें दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जाऊन बसलीं. तें संग्रहालय १९७७ सालीं उघडलें. खाणींवरच्या 'म्हाताऱ्या' मात्र बहुतेक भंगारांत गेल्या. त्यांची आठवण आतां राहिली तर फोटोंतच राहणार.

येथें कोणी म्हणेल कीं, इंजिनें ज्यांनीं केलीं त्या विलायतेच्या कारखान्यांकडे त्यांचे फोटो असतीलच. असत, हें खरें. नवें इंजिन तयार झालें म्हणजे त्यास फोटोपुरता करडा रंग देऊन कारखान्याच्या आवारांत त्याचें चित्र घ्यावयाचें, अशी तेथें रीत होती. पण तो फोटो म्हणजे बोहल्यावर चढण्यापूर्वींच्या नवरदेवाचा फोटो! संसार कसा झाला तें त्यांत दिसत नाहीं. पुढें इंजिनाचें धुराडें बदललें, चालकाच्या डोक्यावर उन्हापावसासाठीं पत्र्याचें छप्पर वाढविलें, पाण्याची टांकी ठिगळें लावून चालविली. हें सर्व दिसतें तें ट्रंकेंतल्या फोटोंत. शिवाय कारखान्याच्या फोटोंत माणूस क्वचित्च असतो. ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाला, कोळसा भरणाऱ्या बाया यांना कोणी मुद्दाम स्टुडिओंत नेलें नाहीं. ते आपल्या आजोबांच्या फोटोंत कडेला उभे आहेत तेवढेच.

असा फोटो वाचावयास शिकलें पाहिजे. भिंग घ्यावें, आणि प्रथम इंजिनाच्या अंगावरचा आंकडा शोधावा. तो चालकाच्या खोलीच्या बाजूस किंवा पुढच्या आडव्या तुळईवर रंगविलेला असतो. बाजूला पितळेची किंवा बिडाची लहानशी पाटी दिसली तर तीवर कारखान्याचें नांव, अनुक्रमांक आणि साल असतें. मग चाकें मोजावीं, आणि पाण्याची टांकी बंबाच्या पाठीवर खोगिरासारखी आहे कीं दोन्ही बाजूंस आहे तें पाहावें. रुळांमधील अंतर शेजारीं उभ्या माणसाच्या मानानें अजमावतां येतें. या शास्त्राचे अभ्यासक देशोदेशीं आहेत. ह्यू ह्यूज नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९९० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतील इंजिनांच्या याद्या अनेक भागांत छापल्या. फोटोंतला एक आंकडा आणि यादींतली एक ओळ जुळली कीं इंजिनाचें जन्मसाल व जन्मगांव हातीं येतें. चीनमधील सांदाओलिंग आणि बॉस्नियांतील तुझला या कोळशाच्या प्रदेशांत एकविसाव्या शतकांतही वाफेचीं इंजिनें राबत होतीं. त्यांचे फोटो घेण्यासाठीं लोक हजारों मैल प्रवास करून जात. आपल्याकडचा ठेवा मात्र रद्दीच्या भावानें जातो.

आपल्या कोल्हापुरासही हें लागू आहे. मिरज ते कोल्हापूर हा सुमारें २९ मैलांचा मीटर गेजचा फांटा संस्थाननें आपल्या खर्चानें बांधला आणि तो १८९१ सालीं सुरू झाला. त्याच फांट्यावरच्या वळिवड्यास १९४३ पासून दुसऱ्या महायुद्धांतल्या सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते लोक १९४८ पर्यंत येथून निघून जगभर पांगले, पण फोटो बरोबर घेऊन गेले, पुढें संघ करून त्यांनीं ते जमविले आणि ग्रंथरूपानें छापले. आज त्या काळचें वळिवडें पाहावयाचें तर आपल्याला परक्यांच्या आल्बमांत डोकवावें लागतें. ज्यांचें सर्वस्व गेलें होतें त्यांनीं फोटो राखले; ज्यांचे वाडे उभे होते त्या आपण काय राखलें, याचा विचार प्रत्येकानें आपल्या माळ्यावर चढून करावा.

आतां राखावें कसें तें सांगतों. फोटोचे शत्रू पांच : ओल, उष्णता, प्रकाश, आम्ल आणि आपले हात. आपल्या गांवीं ओल हा मुख्य शत्रू. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो, आणि चित्र त्या थरांत चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचें असतें. पावसाळ्यांत तो थर दमट होऊन फुगतो, त्यावर बुरशी चढते, आणि फ्रेमच्या कांचेला तो चिकटून बसतो. याहून जुने, पिंगट झांकेचे, जाड पुठ्ठ्यावर डकविलेले पातळ फोटो बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकावर उमटविलेले असतात. तेही तितकेच नाजुक. म्हणून फोटो कौलांखालच्या तापणाऱ्या माळ्यावर ठेवूं नयेत, आणि तळमजल्यावर जमिनीलगतही ठेवूं नयेत. मधल्या मजल्यावर, आंतल्या भिंतीशीं, लोखंडी कपाटाचा मधला कप्पा उत्तम. कच्च्या लांकडाची पेटी व वर्तमानपत्राचा कागद यांतून आम्ल सुटतें. दोन फोटोंमध्यें आम्लरहित कागद घालावा. प्लॅस्टिकची पिशवी वापरावयाची तर ती पॉलिएस्टरची असावी, पी. व्ही. सी.ची कधींही नसावी.

दसऱ्याच्या सुमारास कपडे आणि पोथ्या उन्हांत घालण्याची आपल्या घरांतली चाल चांगली आहे, पण फोटोंस ऊन देऊं नये. कोरड्या दिवशीं सावलींत, पंख्याखालीं थोडा वेळ हवा द्यावी म्हणजे झालें. कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या फोटोंत ठेवूं नयेत. पाल्यानें डाग पडतात, आणि गोळ्यांची वाफ फोटोंस मानवत नाहीं. कणकेच्या खळीवर कसर येते. चिकटपट्टी कांहीं वर्षांनीं पिवळी पडते आणि चित्र घेऊन निघते. पन्नासएक वर्षांपूर्वीं जे चिकट पानांचे आल्बम घरोघरीं आले, ते तर फोटोंचे वैरीच होत. लॅमिनेशन करूं नये. कांचेला चिकटलेला फोटो ओढूं नये. कांचेसकटच त्याची प्रत घ्यावी व मूळ वस्तु जाणकाराच्या हवालीं करावी.

जुन्या फिल्मच्या निगेटिव्ह सांपडल्या तर विशेष सावध असावें. सुमारें १९५० पर्यंत कांहीं फिल्म नायट्रेटची असे. ती जुनी झाली कीं चिकट होते, उग्र वास सोडते आणि अल्प उष्णतेनेंही पेट घेते. जळतांना ती स्वतःच प्राणवायु पुरविते, म्हणून पाण्यानें विझत नाहीं. २००३ च्या जानेवारींत पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांत ठेवलेल्या अशाच चित्रपटफिल्म आगींत गेल्या. कडेला 'सेफ्टी' असें छापलेलें नसेल आणि फिल्म जुनी असेल, तर ती देवघर व स्वयंपाकघर यांपासून दूर, थंड जागीं वेगळी ठेवावी आणि लौकर जाणकारास दाखवावी.

पंचगंगेच्या पुरानें २०१९ आणि २०२१ सालीं आपल्या गांवांतल्या पुष्कळ घरांचे आल्बम भिजले. पुन्हा तसा प्रसंग न यावा. पण आलाच तर भिजलेले फोटो एकमेकांवर वाळूं देऊं नयेत, कारण वाळले कीं ते कायमचे चिकटतात. गाळ लागलेले साधे कागदी फोटो स्वच्छ थंड पाण्यांत हलकेच बुडवून काढावे, पृष्ठभागास बोट लावूं नये, आणि तोंड वर करून सावलींत एकेक पसरावे. दोन दिवसांत तें उरकणार नसेल तर ओल्या स्थितींतच पिशवींत घालून बर्फाच्या कप्प्यांत ठेवावे. तेथें ते सवडीची वाट पाहूं शकतात. कांचेच्या निगेटिव्ह मात्र पाण्यांत बुडवूं नयेत व गोठवूं नयेत.

प्रत घ्यावयाची ती स्कॅनरवर, इंचास निदान ६०० बिंदूंची घ्यावी; पुढची बाजू आणि पाठ दोन्हींची घ्यावी, कारण पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा आजोबांचें अक्षर असतें. तीन ठिकाणीं प्रती ठेवाव्या, त्यांपैकीं एक परगांवीं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो चित्र म्हणून धाडला तर त्याचें तेज कमी होऊन पोंचतें. तो दस्तऐवज म्हणून धाडावा. अलीकडे अस्पष्ट फोटो स्पष्ट करणारीं आणि त्यांत रंग भरणारीं यंत्रें निघालीं आहेत. मुलें तीं हौसेनें वापरतात. हौस करावी, पण एक लक्षांत ठेवावें : पुसट पाटीवरचा आंकडा यंत्रास वाचतां आला नाहीं तर तें एखादा आंकडा कल्पनेनें बसवून देतें, आणि तो इतका सुबक असतो कीं खोटा वाटत नाहीं. ड्रायव्हरच्या चेहऱ्याचेंही तसेंच. म्हणून न सुधारलेली प्रत आधीं राखून ठेवावी, आणि सुधारलेल्या प्रतीवर तसें लिहून ठेवावें.

एकत्र कुटुंबाच्या वांटणींत फोटोंचें काय करावें, याचाही नियम आतां आम्ही आमच्यापुरता ठरविला आहे. आल्बम फोडूं नये. कोणत्या फोटोपुढें कोणता लावला आहे यावरूनही कांहीं कळतें, आणि एक पान सुटलें कीं तें ज्ञान गेलें. सबंध आल्बम एकाच घरीं असावा, प्रती सर्वांस मिळाव्या, आणि ज्याच्याकडे मूळ आहे त्याचें नांव वांटणीच्या कागदांत लिहावें. कोणासच ठेवणें शक्य नसेल तर रद्दीवाल्याच्या आधीं करवीर नगर वाचन मंदिर, शिवाजी विद्यापीठाचें ग्रंथालय किंवा पुराभिलेख कार्यालय यांच्याकडे विचारून पाहावें. "यांत आपलें कोण आहे?" हा प्रश्न मात्र वांटणीच्या वेळीं विचारूं नये. त्याचें उत्तर देणारें माणूस बहुधा त्या खोलींत नसतें.

आणि हें सर्व करूनही एक काम उरतें. कपाट ओल थांबवील, स्कॅनर प्रत देईल; फोटोंतल्या माणसाचें नांव या दोहोंसही ठाऊक नाहीं. तें एखाद्या आजीला, एखाद्या काकूंना ठाऊक असतें. त्यांच्यापुढें फोटो ठेवावा, त्या बोलतील तें घरांतल्या मुलानें वहींत टिपून घ्यावें, आणि फोटोच्या पाठीवर कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें, हात न दाबतां, नांव, गांव व साल लिहावें. शाईचें पेन वापरूं नये. एका बैठकीस दहा फोटो पुष्कळ झाले. वडील माणसें दमतात.

आमच्या काकूंकडे आम्ही दसऱ्याला जाणार होतों, तें राहिलें. मग दिवाळीनंतर नक्की जावयाचें ठरलें. मार्गशीर्षांत काकू गेल्या. बल्लारपूरच्या फोटोमागें आम्हीं त्यांनीं सांगितलेलें सर्व लिहून ठेविलें आहे : म्हातारी, मानमोडी, फराळाचें ताट. ड्रायव्हरच्या नांवाची जागा मोकळी आहे. उरलेल्या दोन फोटोंच्या पाठी कोऱ्याच आहेत.

ज्या घरीं असें माणूस अजून आहे, त्या घरच्या वाचकांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं ट्रंक उघडावी.